आठच दिवस झाले

आमच्या घरात आवाज होता तो एकाच माणसाचा, माझ्या मालकांचा. गावातल्या महादेवाची सेवा आमच्या घराकडं चालत आलेली. पहाटेची आरती यांच्याकडं, आणि आरतीला माईक लावायचा न्हाई असा यांचा हट्ट. देवाला काय कमी ऐकू येतं का, म्हणायचे. आमचं गाव आखाडा बाळापूरच्या रस्त्यावर आहे. फाट्यावर पहिल्या गाडीची वाट पाहत उभी राहिलेली माणसं यांच्या आरतीवरून टाईम सांगायची. आरती संपली अन् गाडी आली न्हाई, म्हणजे गाडी लेट. घड्याळाकडं कुणी पाहायचंच न्हाई.

मी लग्न होऊन आले तेव्हा या आवाजाला पार वैतागून गेले होते. माझं माहेर साखऱ्याचं. तिकडची माणसं बोलायला कंजूष, चार शब्दांत दिवस काढणारी. आणि इथं हे, साधं मीठ मागायचं तरी गाभाऱ्यात मंत्र म्हणल्यासारखं मागायचे. जेवताना बोलायचे, दाढी करताना बोलायचे, झोपेतसुद्धा बोलायचे. मी म्हणायची, जरा हळू बोला हो, मी काय बहिरी न्हाई. तीस वर्षं म्हणत आले. माझ्या तोंडाला कुणी तरी तेव्हाच फडकं बांधायला पाहिजे होतं.

आमची एकुलती एक लेक संभाजीनगरला नोकरीला असते. आरोग्य विम्याची पॉलिसी तिनंच काढायला लावली. गुढीपाडव्याला आली आणि बसल्या बैठकीला विषय काढला. तिच्या ऑफिसातल्या एका बाईच्या वडलांचं पोट दुखत होतं, तर पॉलिसी असल्यामुळं त्याच आठवड्यात सगळ्या तपासण्या झाल्या, काय आहे ते कळलं आणि म्हातारा चालत घरी आला. हे सांगून ती वडलांना म्हणाली, पॉलिसी काही ऑपरेशनसाठीच नसते बाबा, लवकर कळावं म्हणून असते. तिनं निवडलेल्या पॉलिसीत भरती न होता केलेल्या तपासण्यासुद्धा बसत होत्या. हप्ता ती भरणार होती. तरी यांनी नाक मुरडलंच. महादेवाच्या माणसाला विमा काहून पाहिजे? पण पोरगी बापाच्याच वळणावर गेलेली, ती काय ऐकते.

माझा धाकटा भाऊ बाळापूरला राहतो. नोकरी सांभाळून पॉलिसीचं काम करतो. त्यालाच बोलावलं. त्यानं यांना समोर बसवून बराबर विचारलं, की दाजी, आधीपासूनचं काही दुखणं असलं तर आत्ताच सांगा. आधीचं असलं तर त्याला थांबावं लागतं, पॉलिसी घेतल्यावर नव्यानं झालेल्या आजाराची तशी अडचण न्हाई. हे म्हणाले, "दुखणं एकच आहे, तुझी बहीण. ते लिहून घे." आमी सगळे हसलो. भावानं चहा पिऊन सही घेतली. यांना तेव्हा खरंच काही नव्हतं. शुगर न्हाई, बीपी न्हाई, तंबाखू सोडून जमाना झालेला.

इथवर सगळं बराबर होतं. पुढं आमीच माती केली.

श्रावणात दरवर्षी यांचा गळा बसायचा. सोमवारी अभिषेकाची गर्दी, दिवसभर बोलणं, रात्री भजन. महिनाभर ओरडून ओरडून आवाजाचं खोबरं व्हायचं आणि गौरी-गणपतीपर्यंत पुन्हा जागेवर यायचा. त्याचं आमाला काही वाटतच नसे. माझी नणंद कुरुंद्याला दिलेली, तिच्या घरची हळद आमच्याकडं वर्षभर पुरते. या मुलखात पाय मुरगळला तर हळद, ताप आला तर हळद, लेकरू रडून राहिलं तरी हळदच. मी रोज दुधात हळद घालून दिली. ज्येष्ठमध चघळायला दिला. पोळा झाला, गौरी-गणपती झाले, आवाज काही आला न्हाई. दसऱ्याला आपट्याची पानं द्यायला आलेली माणसं विचारायला लागली, गुरुजी, गळा अजून बसलेलाच का? हे मान हलवायचे आणि फाटक्या आवाजात म्हणायचे, या खेपेला श्रावण जरा जादाच झाला.

फाट्यावर आरती ऐकू जाणं बंद झालं होतं. एक जण तर मला विचारून गेला, मालक गावाला गेलेत का म्हणून.

माझ्या मनात पाल चुकचुकली होती. न्हाई असं न्हाई. पण दुखणं अंगावर काढायची आमच्या घराची रीतच आहे, आणि ज्या गळ्यानं उभा जन्म देवाचं नाव घेतलं, त्याच गळ्याला काही होईल हे मला पटतच नव्हतं. देवाचा माणूस म्हणून देव काही सूट देत न्हाई, हे मला आता कळतं.

दिवाळीला लेक आली. दारात बापानं "आलीस का" म्हणलं आणि ती पिशवी हातात धरून तशीच उभी राहिली. फोनवर ती बोलायची तेव्हा हे फोन माझ्याकडं द्यायचे, त्यामुळं तिनं तो आवाज ऐकलाच नव्हता. माझ्यावर इतकी चिडली की मला वाटलं, आता मारते. लगेच नांदेडच्या एका दवाखान्यात फोन लावला. पॉलिसीचा नंबर सांगितला, आणि फोन ठेवायच्या आत कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंची वेळ मिळाली, भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी. मी आ वासून पाहत राहिले. आमच्या शेजारच्या बाईला घशाच्या दुर्बिणीसाठी तारीख मिळवायला कितीदा तरी चकरा माराव्या लागल्या होत्या. इथं लेकीनं बसल्या जागी काम केलं.

तिची सुट्टी तेवढीच होती. ती सोबत येऊ शकली न्हाई. जाताना मला बजावून गेली, आई, सगळं सांगायचं, काही ठेवायचं न्हाई. मी व्हय म्हणलं.

आता ती भानगड सांगते, जिच्यापायी सगळं झालं. आमच्या गावात हळदीचा एक व्यापारी होता. त्याला शुगरचा आजार मुरलेला. तो त्यानं पॉलिसी काढताना लपवला आणि पुढं पायाला जखम होऊन भरती झाला, तर कंपनीनं त्याला काही दिलं न्हाई. खरं तर चूक त्याची होती. पण गावानं त्यातून वेगळाच धडा घेतला. फाट्यावरच्या हॉटेलात बसणारा प्रत्येक माणूस वकील झाला. दवाखान्यात गेलं की दुखणं कालपरवाचंच सांगायचं. महिने सांगितले की कंपनी हात वर करते. झाकली मूठ सव्वा लाखाची. असं हे शास्त्र. कुणी कुठं वाचलं न्हाई, कुणी कुणाला विचारलं न्हाई, पण आमच्या भागात ते सगळ्यांना पाठ आहे. कुणाचा बाप दवाखान्यात निघाला, की चहा पाजून हे शास्त्र सांगतात. काळजीनं सांगतात, वाईट मनानं न्हाई.

आमी नांदेडच्या गाडीची वाट पाहत फाट्यावर बसलो, तेव्हा यांनाही ते सांगितलं गेलं. गाडीत बसल्यावर यांनी मला कुजबुजत समजावलं. पोरगी हप्ता भरून राहिली, तिची पॉलिसी आपल्यामुळं बुडायला नको. आठ दिवसच सांगायचे. मी म्हणलं, भावाला एक फोन करून विचारू. हे म्हणाले, त्याला काहून अडचणीत टाकतेस, तो कंपनीचा माणूस, त्याला माहीत नसलेलंच बरं. मला ते पटलं. इतकं साधं आहे बघा ते. मला पटलं.

डॉक्टरीणबाई वयानं आमच्या लेकीपेक्षा थोड्या मोठ्या, बोलायला मऊ. त्यांनी घसा पाहिला, मान चाचपली आणि विचारलं, आवाज असा कधीपासून आहे?

"आठच दिवस झाले," हे म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. एरवी माझी जीभ कात्रीसारखी चालते. पाहुण्यांत, बाजारात, गाडीत सीटवरून, कुठं म्हणून मी गप्प बसले न्हाई. त्या खोलीत मात्र मी मूग गिळून बसले. बाईंनी अजून एकदा विचारलं, त्याच्या आधी काही तकलीफ? हे म्हणाले, काही न्हाई, दिवाळीत जरा गार लागलं.

मग त्यांनी गारठ्याची औषधं दिली. कमी बोला म्हणाल्या. आणि हेही सांगितलं, की दोन-तीन आठवड्यांत आवाज आला न्हाई तर परत या, मग दुर्बीण टाकून आत पाहू. दुर्बिणीचं मशीन त्याच खोलीत कोपऱ्यात होतं, वर पांढरं कापड झाकलेलं. मी निघताना ते पाहिलं. आमच्यात आणि त्या मशीनमध्ये चार पावलांचं अंतर होतं.

औषधानं आणि गप्प बसल्यानं थोडा फरक वाटला, किंवा आमीच तो वाटून घेतला. परत जायची वेळ आली तेव्हा यांनी टाळलं. आठ दिवस सांगितलेत, आता दुर्बिणीत दुखणं जुनं दिसलं तर काय सांगायचं? खोट्याला पाय नसतात म्हणतात, पण त्याला सांभाळायला घरातली दोन माणसं लागतात. लेक फोनवर विचारायची, तर मी सांगायची, डॉक्टर म्हणाल्या गारठा आहे, औषध चालू आहे. तिला वाटलं सगळं सांगून झालं. डॉक्टरांनीच पाहिलंय म्हणल्यावर ती बिचारी काय बोलणार? माझा भाऊ संक्रांतीला तिळगूळ घेऊन आला, त्याच्यासमोर हे बोललेच न्हाईत, नुसते हसले. त्याला वाटलं, डॉक्टरांनी कमी बोला सांगितलंय, तेच पाळून राहिले.

महाशिवरात्रीला मात्र लपवायला काही उरलं न्हाई. देवळाच्या पायऱ्या चढताना यांच्या श्वासाचा आवाज यायला लागला, फुंकणीतून हवा ओढावी तसा. आरतीला उभे राहिले आणि दुसऱ्याच ओळीला थांबले. गर्दीतल्या कुणी तरी ती ओळ पुढं उचलली. लोकांनी टाळ्या वाजवत आरती पुरी केली. हे हातातलं ताट धरून उभे होते. मी बायकांच्या बाजूला होते, आणि तिथूनच मला यांच्या गळ्याची शीर वरखाली होताना दिसत होती. मी त्याच दुपारी भावाला फोन केला आणि सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, उद्या सकाळी गाडी घेऊन येतो.

या वेळेला डॉक्टरीणबाईंनी काही विचारायच्या आधीच मी बोलले. म्हणलं, बाई, त्या दिवशी आमी खोटं बोललो, हा आवाज श्रावणापासून बसलेला आहे. बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. कापड काढून मशीन पुढं ओढलं. नळी नाकातून आत घातली आणि यांना ई म्हणा म्हणाल्या. यांच्या तोंडून जे निघालं ते ई नव्हतं. बाजूच्या पडद्यावर घशाच्या आतलं दिसत होतं. मला त्यातलं काय कळणार, पण आवाजाच्या दोन पांढऱ्या पट्ट्या असतात म्हणे, तिथं एक ओबडधोबड गाठ होती, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. बाईंनी ते पाहून घेतलं, नळी काढली, आणि खुर्ची आमच्याकडं वळवली.

"त्या दिवशी श्रावण म्हणला असता, तर मी त्याच दिवशी दुर्बीण टाकली असती. तेव्हा हे लहान असणार. रेडिएशनचा शेक देऊन आवाज वाचवायचा प्रयत्न करता आला असता."

रागावून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रागावल्या न्हाईत.

गाठीचा तुकडा काढून तपासायचा होता आणि गळ्याचं स्कॅन करायचं होतं. त्यासाठी खाली विम्याच्या खिडकीवर जावं लागलं. तिथं एक पोरगी कॉम्प्युटरवर बसलेली. तिनं विचारलं, पॉलिसी कधीची? भाऊ म्हणाला, पाडव्याची. तकलीफ कधीपासून? मी पदरानं तोंड पुसत श्रावण म्हणलं आणि मनाची तयारी करून उभी राहिले, की आता ही न्हाई म्हणणार. ती टाईप करत राहिली. मग मान वर करून म्हणाली, पॉलिसी आधीची आहे, आजार नंतरचा आहे, यात काही अडचण दिसत न्हाई. मी तिला व्यापाऱ्याची गोष्ट सांगायला लागले, फाट्यावरचं शास्त्र सांगायला लागले. तिनं ते सगळं ऐकून घेतलं.

"मग यात लपवायचं काय होतं, मावशी?" ती म्हणाली.

भाऊ तोंड फिरवून उभा राहिला. पाडव्याला चहा पिताना त्यानं हेच सांगितलं होतं, आमच्याच ओसरीवर, आणि आमी हसण्यावारी नेलं होतं. संध्याकाळ व्हायच्या आत मंजुरी आली. तुकडा लगेच गेला, स्कॅन लगेच झालं. लेक म्हणाली होती तसंच सगळं, भराभर, कुठं खोळंबा न्हाई. विहीर भरलेली होती, दोर होता, पोहरा होता. आमी काठावर बसून तहान लपवत होतो.

रिपोर्टात कॅन्सर निघाला. ऑपरेशन मोठ्या शहरात झालं. यांचा जीव वाचला, त्याबद्दल मी महादेवाला रोज हात जोडते. पण आवाजाची पेटी काढावी लागली. आता गळ्याला पुढून भोक आहे, श्वास तिथूनच चालतो, आणि त्याच्यावर हे मऊ पांढरा रुमाल बांधतात. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी आमाला सांगून ठेवलं होतं, की यानंतर बोलणं बंद होईल. आदल्या दिवशी लेक म्हणाली, बाबा, काही तरी बोला ना. तिला मोबाईलमध्ये घ्यायचं होतं. हे बोलले न्हाईत. हातानंच नको म्हणाले. तो फाटका आवाज यांना मागं ठेवायचा नव्हता. चांगला होता तेव्हाचा कुणाकडंच न्हाई. देवळातले किती व्हिडिओ लोकांकडं आहेत, फुलांच्या सजावटीचे, अभिषेकाचे. वरून प्रत्येकानं गाणं लावलेलं.

आता पहाटेची आरती पुतण्या माईकवर म्हणतो. हे घंटा वाजवतात. घरात मीठ पाहिजे असलं की ताटाच्या कडेला बोट लावून दाखवतात. मी एकटीच बोलते. बोलत बोलत मध्येच थांबते, सवयीनं, यांचा शब्द येईल म्हणून. मग उठून काही तरी कामाला लागते. मला त्या फाट्यावरच्या माणसांचा राग येतो, यांचा येतो, माझा तर सगळ्यात जास्त येतो. पण रागाचं करायचं काय? लोणचं तर घालता येत न्हाई.

गेल्या महिन्यात दाखवायला म्हणून नांदेडला गेलो होतो, त्याच डॉक्टरीणबाईंकडं. बाहेर बाकावर आमच्या शेजारी कुरुंद्याकडचं एक जोडपं बसलं होतं. माणूस यांच्याच वयाचा, अंगानं दणकट, हाताच्या रेघांत हळदीचा पिवळा रंग बसलेला. बायकोशी बोलत होता, आणि तो आवाज ऐकून मी वळून पाहिलं. तोच आवाज. दसऱ्याच्या वेळचा यांचा. यांनीही ऐकला, कारण यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

दवाखान्यातली सिस्टर कागद घेऊन आली आणि त्याला विचारायला लागली. नाव, गाव, पॉलिसी आहे का. आहे म्हणाला. आवाज कधीपासून बसलाय? त्यानं बायकोकडं पाहिलं. बायकोनं जमिनीकडं पाहिलं. मला ते पाहणं ओळखीचं होतं.

"आठच दिवस झाले," तो म्हणाला.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात हे उठले. त्या माणसासमोर जाऊन उभे राहिले. त्याला वाटलं, कुणी तरी वाट मागून राहिलं, त्यानं पाय आत घेतले. यांनी दोन्ही हात मानेमागं नेले आणि रुमालाची गाठ सोडली. गळ्याचं भोक उघडं पडलं. एक श्वास आत गेला, बाहेर आला, त्याचा तेवढा बारीक आवाज. मग यांनी एक बोट आपल्या गळ्यावर ठेवलं आणि तेच बोट त्याच्या गळ्याकडं नेलं. सिस्टरच्या हातातला कागद तसाच राहिला. त्याची बायको रडायला लागली. रडत रडत सिस्टरला म्हणाली, "अक्षयतृतीयेपासून आहे हो. चार महिने झाले."

त्याला लगेच आत घेतलं. हे येऊन माझ्याजवळ बसले. रुमालाची गाठ मी मारली. दार लोटलेलं होतं, पण आतलं ऐकू येत होतं. डॉक्टरीणबाई त्याला म्हणाल्या, ई म्हणा. तो म्हणाला. घोगरा होता, मध्ये तुटत होता, पण ई होता. हे डोळे मिटून ऐकत होते.